भुईगावची वाडी आणि नाताळची भाजणी

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या पश्चिम कडेला, सुरूच्या झाडांनी अडवलेल्या वाळूच्या पट्ट्यामागे भुईगाव वसले असून भुईगाव बुद्रुक आणि भुईगाव खुर्द अशी त्याची दोन अंगे आहेत. गिरीज, गास, नाळे, निर्मळ, वाघोली, नंदाखाल या शेजारच्या गावांसह हे गाव ज्या बागायती पट्ट्यात मोडते, तेथील मराठी भाषक ख्रिस्ती समाजात डिसेंबर महिना हा फराळ तळण्याचा, फळे आटवण्याचा आणि केक-बिस्किटे भाजण्याचा काळ मानला जातो. या खाद्यपरंपरेचे वर्णन बहुधा ‘पोर्तुगीज वारसा’ या दोन शब्दांत आटोपले जाते. परंतु तो वारसा ज्या जमिनीत रुजला तिचा विचार केल्याशिवाय त्याचे स्वरूप कळत नाही. परदेशी जहाजांनी भाजणीची काही तंत्रे आणि काही नवी फळे आणली हे खरे असले, तरी फळातील पाणी काढून त्याचा गोडवा महिनोन्महिने टिकवण्याची विद्या वसईच्या वाडीत स्वतंत्रपणे जोपासली गेली होती, आणि नाताळच्या फराळाचा इतिहास हा या दोन विद्यांच्या भेटीचा इतिहास आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वाडी म्हणजे घराभोवतीची कुंपण घातलेली बागायत. तिच्यात नारळ, पोफळी, केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलझाडे एकाच पाण्यावर पोसली जातात, आणि ते पाणी विहिरींतून तसेच ‘बावखल’ नावाच्या गोड्या पाण्याच्या खोदीव तळ्यांतून मिळते. पावसाचे पाणी बावखलात साठून जमिनीत मुरते, त्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहतात, आणि हे पाणी पूर्वी रहाटाने उपसून पाटांतून झाडांच्या मुळाशी पोहोचवले जाई. या बागायतीचे एक जुने वर्णन एका इटालियन प्रवाशाने लिहून ठेवले आहे. नेपल्सचा वकील जोव्हानी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरी हा जगप्रदक्षिणेवर निघालेला असताना १६९५ साली वसईत आला आणि शहराबाहेर मैलोगणती पसरलेल्या बागा, त्यांतील माड, केळी, आंबे व ऊस, तसेच ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकऱ्यांनी यंत्रांनी पाणी खेचून त्या बारमाही हिरव्या ठेवल्याची हकीकत त्याने आपल्या प्रवासग्रंथात नोंदवली. त्याने पाहिलेली यंत्रे म्हणजे रहाटच असणार, आणि त्याने ज्या तीन धर्मांच्या लोकांचा एकत्र उल्लेख केला त्यांच्या हातांनीच या भागाची अन्नसंस्कृती घडली आहे.

कारेरी येथे आला तेव्हा वसईवर पोर्तुगीजांची सत्ता स्थिर होऊन दीड शतक उलटले होते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्यानंतर हे ठिकाण त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्यालय बनले, आणि फ्रान्सिस्कन व जेझुइट या धर्मसंघांनी आसपासच्या गावांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार केला. सांडोरचे चर्च १५६६ मधील आणि नंदाखालचे १५७३ मधील, यावरून ही प्रक्रिया किती लवकर खेड्यांपर्यंत पोहोचली होती हे दिसते. धर्मांतरित झालेल्या कुटुंबांनी शेती, बोली, पेहराव आणि बरेचसे कुलाचार कायम ठेवले. बदलले ते सणांचे पंचांग. येशूजन्माचा सण २५ डिसेंबरला आणि त्याआधीचे चार आठवडे ‘आगमनकाळ’ म्हणून प्रतीक्षेचे, ही नवी कालगणना गावाच्या वर्षात येऊन बसली.

ही कालगणना वाडीच्या ऋतुचक्राशी जुळणारी ठरली, आणि ही जुळणी नाताळच्या फराळाच्या इतिहासातील निर्णायक गोष्ट आहे. पावसाळा सरून भाताची कापणी आटोपलेली असते, नवा तांदूळ घरात आलेला असतो, पेरू पिकू लागतात, उसाचा रस काढून गूळ करण्याचा हंगाम सुरू होतो, आणि पावसाळ्यातील दमट हवा जाऊन रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो. ज्या हवेत जूनमध्ये पापडसुद्धा वाळत नाही, त्याच हवेत डिसेंबरमध्ये पीठ कोरडे राहते, तळण कुरकुरीत राहते आणि उन्हात ठेवलेले फळ कुजण्याऐवजी सुकते. युरोपात नाताळ हा कडाक्याच्या थंडीतला सण असल्यामुळे तेथे उन्हाळ्यात सुकवून ठेवलेली फळे वापरली जातात, तर वसईत तो ताज्या पिकांचा आणि सुकवणीच्या आरंभाचा सण ठरला.

पोर्तुगीजांच्या जहाजांतून या वाडीत जी नवी झाडे आली त्यांनी नाताळच्या ताटाला निश्चित आकार दिला. पेरू, पपई, अननस, सीताफळ आणि काजू ही सर्व मूळची अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकापासून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. पेरूचा गर साखरेबरोबर मंद आचेवर घोटत, शेवटी लिंबाचा रस घालून, भांड्याच्या कडा सोडेपर्यंत आटवला आणि तूप वा लोणी लावलेल्या ताटात थापून त्याच्या वड्या पाडल्या, की जो पदार्थ तयार होतो त्याला गोव्यात ‘पेराड’ म्हणतात आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत ‘ग्वाव्हा चीज’ या नावाने तो नाताळच्या ताटात ठेवला जातो. पेरूत पेक्टिन हे गोठवणारे द्रव्य भरपूर असल्याने तो लिंबाच्या आंबटपणाने आणि साखरेने घट्ट धरतो. त्याचप्रमाणे युरोपात बदामाच्या पिठापासून बनवले जाणारे मार्झिपान या किनाऱ्यावर काजूच्या पिठाचे होऊ लागले, कारण बदाम परका आणि महाग होता, तर काजू परसात पिकत होता. गोव्यात ‘कोंसवाद’ आणि मंगळुरूकडे ‘कुस्वार’ या नावाने ओळखली जाणारी, शेजाऱ्यांना वाटायची नाताळची गोड ताटे याच प्रक्रियेतून आकाराला आली.

भाजणीच्या बाबतीत मात्र कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘बिस्किट’ म्हणून आज ओळखला जाणारा पदार्थ मुळात सुटीच्या दिवसाचा खाऊ नव्हता. तो खलाशांचा शिधा होता. पाव एकदा भाजला की त्याच्या गाभ्यात पाणी उरते आणि काही दिवसांत त्याला बुरशी येते. तोच पाव कापून पुन्हा भट्टीत सुकवला तर तो दगडासारखा कठीण होतो, पण महिनोन्महिने टिकतो. लिस्बनहून भारताकडे निघणाऱ्या जहाजांना सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ समुद्रावर काढावा लागे, म्हणून त्यांच्यासाठी लिस्बनजवळच्या व्हाले द झेब्रु येथे राजाच्या मालकीच्या भट्ट्यांत असे दुहेरी भाजलेले बिस्किट तयार केले जात असे. हेच तंत्र इटलीच्या तोस्काना प्रांतात साखर, अंडी आणि बदाम यांच्या संगतीने मेजवानीच्या पदार्थात रूपांतरित झाले. आक्कादेमिया देल्ला क्रुस्का या फिरेन्झेच्या भाषासंस्थेच्या १६९१ च्या शब्दकोशात ‘कांतुच्चो’ म्हणजे उत्तम पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग यांपासून बनवलेले, कापांच्या आकाराचे बिस्किट असा अर्थ दिला आहे, आणि प्रातो गावात अंतोनिओ मात्तेई याने १८५८ साली काढलेल्या दुकानाने बदामाच्या अशा बिस्किटांना प्रसिद्धी मिळवून दिली. आज जगभर ‘बिस्कोत्ती’ या नावाने नाताळच्या सुमारास घरोघरी भाजली जाणारी, सुक्या फळांनी सजलेली बिस्किटे याच परंपरेतील आहेत.

दुहेरी भाजणीमागील तत्त्व थोडक्यात सांगता येते. अन्न नासवणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते, आणि या मोकळ्या पाण्याच्या प्रमाणाच्या मापाला ‘जलक्रियाशीलता’ म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी ती १ धरली, तर सुमारे ०.९ च्या खाली बहुतेक जीवाणू आणि ०.७ च्या आसपास बहुतेक बुरशी वाढू शकत नाहीत. पाणी उष्णतेने उडवले काय, उन्हाने सुकवले काय किंवा साखरेने बांधून ठेवले काय, परिणाम एकच होतो. तोस्कानाच्या भट्टीत, पेरूच्या कढईत आणि वसईच्या उन्हात एकाच तत्त्वाचा वापर झाला; साधन कोणते निवडायचे हे मात्र त्या त्या ठिकाणच्या इंधनाने, धान्याने आणि हवामानाने ठरवले.

वसईत हे साधन ऊन होते, आणि त्याचे सर्वोत्तम फळ म्हणजे सुकेळी. राजेळी जातीची लांब, भरदार केळी पूर्ण पिकू दिली जातात, सोलून मांडवावर किंवा चटईवर उन्हात मांडली जातात, रात्रीच्या दवापासून वाचवण्यासाठी संध्याकाळी उचलून झाकली जातात आणि पुन्हा सकाळी पसरली जातात. असे काही दिवस चालल्यावर फळ आक्रसून सोनेरी-तपकिरी आणि चिवट होते, त्याची स्वतःचीच साखर घट्ट होऊन वर साखर घालण्याची गरज राहत नाही, आणि मग ते केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवले जाते. राजेळीचा गर घट्ट आणि कमी पाणीदार असल्यामुळे तीच या कामी येते. बसराईसारख्या मऊ केळ्याला हे जमत नाही. तेव्हा वसई ज्यात मोडत असे त्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये वसई तालुक्यातील आगाशीच्या सुकवलेल्या केळ्यांची दखल घेतलेली आहे, यावरून हा व्यवसाय तेव्हाही नाव कमावून होता हे स्पष्ट होते. सुकेळी करणाऱ्यांत सर्व धर्मांची बागायती कुटुंबे होती आणि आहेत, त्यामुळे तिला कोण्या एका समाजाची ठरवणे योग्य होणार नाही. तथापि पावसाळा संपताच तिचा हंगाम सुरू होत असल्यामुळे नाताळच्या दिवसांत या पट्ट्यात फळ सुकवण्याचे काम ऐन भरात असते.

गव्हाच्या पिठाची भाजणी मात्र खेड्यांत सहज रुजली नाही, आणि त्याची कारणे साधी होती. वसई ही भाताची भूमी असल्याने गहू गुजरातेतून किंवा घाटावरून आणावा लागे. बंद भट्टीला लाकूड फार लागे. अंडी आणि साखर मुबलक वापरण्याची ऐपत वसईच्या किल्ल्यातील श्रीमंत घराण्यांना होती, शेतकऱ्याला नव्हती. म्हणून गावच्या स्वयंपाकघराने नव्या सणासाठी आपल्याजवळचे तांदूळ, नारळ, गूळ आणि तेल हेच साहित्य कामाला लावले. यीस्टच्या जागी ताडी आली, कारण ताड-माडांचा ताजा रस काही तासांतच आपोआप आंबतो आणि पीठ फुगवण्याची शक्ती त्यात येते; ताडीने आंबवलेल्या पिठाचे गोळे तेलात सोडून केलेले ‘फुगे’ हे लग्नकार्याचे आणि मोठ्या सणांचे पक्वान्न आजही मानाने वाढले जाते. रवा-नारळाचे थापीव केक भाजण्यासाठी भांडे चुलीवर ठेवून त्याच्या झाकणावर निखारे पसरण्याची युक्तीही गोव्यापासून मुंबईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत रूढ झाली, आणि तिने भट्टी नसलेल्या घरात खालून-वरून सारखी आच देणारी भट्टी निर्माण केली.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा पोर्तुगीज सरदार घराणी गोव्याकडे निघून गेली आणि शेतकरी ख्रिस्ती समाज आपल्या वाड्यांत राहिला. भाजणीचा युरोपीय नमुना समोर ठेवणारा वर्ग असा नाहीसा झाल्यावर नाताळच्या फराळाने शेजारच्या मराठी घरांशी अधिक जवळीक साधली असावी, असे त्या फराळाच्या रूपावरून अनुमान करता येते. कारण वसईच्या नाताळ-ताटात काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर वळलेली कुलकुल आणि पेरूच्या वड्या जशा असतात, तशाच करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि लाडूही असतात. दिवाळीला हिंदू घरातून आलेले फराळाचे ताट नाताळला ख्रिस्ती घरातून भरून परत जाते, ही या पट्ट्यातील रीत दोन्ही बाजूंनी जपली गेली आहे, आणि फराळातील हे साम्य त्या देवाणघेवाणीचाच परिणाम असावा.

एकोणिसाव्या शतकात बदलाची दुसरी लाट आली. १८६० च्या दशकात रेल्वे वसईपर्यंत आली, आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी धावू लागल्यावर केळी, पाने, फुले आणि भाजी यांना महानगराची बाजारपेठ मिळाली. परतीच्या गाडीतून शहराच्या सवयी गावात आल्या. याच काळात इंग्रजी धाटणीचा फळांचा केक भारतात पसरू लागला होता. केरळातील तलश्शेरी येथे मम्बल्ली बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याच्या मागणीवरून केलेला नाताळचा केक हे त्याचे बहुश्रुत उदाहरण आहे. मुंबईत गोव्याच्या पाववाल्यांनी आणि पुढे इराणी बेकऱ्यांनी मैद्याची भाजणी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. त्यांच्या काउंटरवरचा टोस्ट म्हणजे पाव कापून पुन्हा भाजण्याच्या त्याच जुन्या विद्येचे रोजच्या चहासाठी झालेले रूप होते. घरात कालवलेले केकचे मिश्रण पत्र्याच्या साच्यांत भरून गावच्या बेकरीत नेणे आणि तेथील उरलेल्या उष्णतेवर भाजून आणणे, ही मुंबई-वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतील डिसेंबरची परिचित प्रथा याच व्यवस्थेतून निघाली.

या केक-बिस्किटांत लागणाऱ्या युरोपीय साखरफळांची जागाही देशी फळाने घेतली. इटलीत महाळुंग आणि संत्र्याच्या साली साखरेत मुरवून नाताळच्या भाजणीत घालतात. भारतात त्याऐवजी कच्च्या पपईचे बारीक चौकोनी तुकडे चुन्याच्या पाण्यात घट्ट करून, उकडून, टप्प्याटप्प्याने दाट होत जाणाऱ्या पाकात मुरवून आणि रंग देऊन वापरले जाऊ लागले, आणि त्यांना ‘टूटी-फ्रूटी’ हे इटालियन नाव चिकटले. पाक एकदम दाट घेतला तर फळातील पाणी वेगाने बाहेर पडून तुकडा सुरकुततो, म्हणून हे काम दिवसांच्या हिशेबाने करावे लागते. बाजारात हा पदार्थ स्वस्त मानला जात असला, तरी त्यामागील कौशल्य सुकेळीच्या किंवा पेराडच्या कौशल्याहून कमी नाही, आणि ज्या पपईवर ते उभे आहे ती वाडीचीच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आणि त्यानंतर थर्मोस्टॅट असलेली पेटी मध्यमवर्गीय घरांत आली, तेव्हा भाजणी पूर्णपणे घरच्या हातात आली. दुहेरी भाजणीचे फळबिस्किट करण्यासाठी आता खास भट्टीची गरज उरली नाही: मैदा, साखर, अंडी आणि बेकिंग पावडर यांच्या घट्ट कणकेत सुकी फळे मिसळून तिचा चपटा लांबट गोळा सुमारे १७० अंश सेल्सिअसला पंचवीस-तीस मिनिटे भाजतात, थोडा निवाल्यावर दातेरी सुरीने तिरके काप करतात, आणि ते काप १५० अंशांच्या आसपास पुन्हा दोन्ही बाजूंनी सुकवतात. ताजे फळ या कणकेत चालत नाही, कारण त्यातील पाणी कापाच्या गाभ्यात अडकून दुसऱ्या भाजणीचा उद्देशच निष्फळ करते. फळ आधीच सुकलेले किंवा पाकात मुरलेले असावे लागते. नेमक्या याच ठिकाणी वसईची वाडी उपयोगी पडते. सुकेळीचे बारीक तुकडे, परसातल्या काजूचे काप, पपईची टूटी-फ्रूटी आणि लिंबाची किसलेली साल हे साहित्य इटलीहून किंवा अमेरिकेहून मागवलेल्या सुक्या फळांइतकेच, किंबहुना या हवेला अधिक साजेसे आहे. फक्त सुकेळी चिवट आणि साखरेने भारलेली असल्याने तिचे तुकडे लहान ठेवावे लागतात आणि दुसरी आच मंद असावी लागते, नाहीतर कडेची साखर करपते.

अशी भाजणी करणारे भुईगावचे किंवा नंदाखालचे स्वयंपाकघर परदेशी प्रथेची नक्कल करते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र ज्या वाडीमुळे हे म्हणता येते, ती वाडीच आज आक्रसते आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचे संकट आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठे जनआंदोलन उभारले आणि पाण्याच्या बेसुमार उपशाविरुद्धही आवाज उठवला. तरीही २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेलेली दिसली. बावखले बुजली की विहिरी खाऱ्या होतात, विहिरी खाऱ्या झाल्या की केळ तग धरत नाही, आणि राजेळीची लागवड घटली की सुकेळी करणारे हात दुसऱ्या कामाकडे वळतात. ही साखळी एकदा तुटली तर नाताळचे ताट बाजारातल्या जिन्नसांनी भरता येईल, पण त्याचा या भूमीशी असलेला संबंध उरणार नाही.

म्हणून या परंपरेचे जतन पाककृतींच्या संग्रहाने पुरे होणारे नाही. घराघरांतील वृद्ध स्त्रियांकडे असलेले आचेचे, पाकाच्या तारेचे आणि फळ सुकल्याच्या खुणांचे ज्ञान धर्मग्रामांनी (चर्चच्या पॅरिशांनी), शाळांनी आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी लिहून घेणे जितके आवश्यक आहे, तितकेच बावखले खुली ठेवणे आणि राजेळीचे कंद पुढच्या पिढीच्या वाडीत लावणे आवश्यक आहे. वसईच्या नाताळ-फराळाने चार शतकांहून अधिक काळात पोर्तुगीज, मराठा आणि इंग्रज अशा तीन राजवटी पाहिल्या आणि प्रत्येकीकडून काही ना काही स्वीकारले, कारण स्वीकारलेल्या गोष्टीला आपल्या मातीतले फळ जोडण्याची सोय त्याच्याजवळ नेहमी होती. ती सोय शाबूत राहिली तर इटलीची दुहेरी भाजणीही या फराळात आपली जागा मिळवील आणि करंजीइतकीच या गावांची होईल.